ठपका परत घ्यायला गेलेल्या बाई

डॉ. मालती खांबेटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे. आमच्या उपनगरातल्या एका सरकारी इस्पितळात बालमार्गदर्शन केंद्र होतं आणि तिथे समाजसेवकाची एक जागा निघाली होती. बाई तिथल्या मानसशास्त्रज्ञ आणि केंद्राच्या प्रमुख. मी चोवीस वर्षांचा, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत वाढलेला, घरातला पहिला पदवीधर आणि मनोविश्लेषणाची जाडजूड पुस्तकं नुकतीच घोकून आलेला. बाईंनी विचारलं, "आठ वर्षांचं मूल अंथरूण ओलं करतं. तुम्ही काय कराल?" मी दहा मिनिटं बोललो. दडपलेला राग, आईशी बिनसलेलं नातं, तान्हेपणी लावलेल्या सवयींचा जाच, सगळं त्यात आलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाठांतर चांगलं आहे." नोकरी मिळाली, त्यामुळे मी ती स्तुतीच समजलो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलंय की काहीतरी प्रसन्न लिहा. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कागद फाडले. बाईंबद्दल मला ठाऊक असलेली सर्वांत मोठी गोष्ट प्रसन्न नाही. ती गाळून बाकीचं लिहिलं तर बाईच मला विचारतील, "अहो सोनवणे, हे तुम्ही कोणाबद्दल लिहिलंय?" तेव्हा संपादकांनी मला माफ करावं.

आधी बाईंची रीत सांगतो. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला त्या 'अहो' म्हणत. भांडुपहून धुणीभांडी आटपून आलेली बाई असो की मुलुंडच्या बंगल्यातली. मी रुजू झालो तेव्हा खोलीत डॉक्टरांसाठी फिरती खुर्ची होती आणि मुलाच्या आईसाठी लोखंडी स्टूल. बाईंनी चांगल्या खुर्चीसाठी अर्ज केला, त्याचं उत्तर काही आलं नाही. मग एके सकाळी त्या पार्ल्याहून टॅक्सीत घालून घरची जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन आल्या आणि आमच्या वॉर्डबॉयला म्हणाल्या, "ते स्टूल न्या आता. बाई पडतील त्याच्यावरून." ती खुर्ची अजून तिथेच आहे.

पण आमची खुर्ची कितीही चांगली असली तरी त्या खुर्चीत बसलेल्या आईला आम्ही काय सांगत होतो, हे लिहायला हवं. आमच्याकडे एक छापील तक्ता होता. पोटात मूल असताना ते हवंसं होतं की नकोसं, अंगावर किती महिने पाजलं, आईपासून किती दिवस दूर होतं, धाकटं भावंड कधी झालं. तक्ता भरला की निदान जवळजवळ आपोआप तयार व्हायचं. मूल आईला चिकटून बसलं तर ते असुरक्षित, नाही चिकटलं तर दुरावलेलं. आई रडली तर तिला आतून अपराधी वाटतंय, नाही रडली तर ती कोरडी. आई चुकीची नाही असं दाखवणारा एकही रकाना त्या तक्त्यात नव्हता. हे मला आज दिसतं. तेव्हा तो तक्ता मला फार आवडायचा, कारण त्यात सगळं बसायचं. बाईंनीही तो वीस वर्षं वापरला होता आणि शिकवला होता. त्या माझ्याहून शहाण्या होत्या, पण त्या बाबतीत माझ्यासारख्याच होत्या.

या ज्ञानाचा पहिला प्रयोग मी माझ्या स्वतःच्या आईवर केला. ती शाळेत झाडू मारायला पहाटे जायची आणि मी बहिणीच्या कडेवर वाढलो. एका रविवारी मी तिला ऐकवलं की तू मला लहानपणी टाकून जायचीस म्हणून माझा स्वभाव असा झाला. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "आणि गेले नसते तर खाल्लं काय असतंस? तुझा स्वभाव?" मला त्याचा राग आला होता. आता ती नाही.

आता शैलाबद्दल. नाव बदललंय, तिचं आणि तिच्या आईचंही. शैला आठ वर्षांची, भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतली. वडील गिरणीत, पण गिरण्या बंद पडून सहा महिने झाले होते आणि ते मिळेल तिथे रखवालीचं काम करत होते. आई सुनंदा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. माणसं मूळची कणकवलीजवळची. शैला शाळेत मागे पडत चालली होती, पाढे विसरत होती, चिडत होती आणि हातातलं भांडं सारखं पाडत होती. त्यातही धाकट्या भावाची, बाबूची, दुधाची वाटी तिच्या हातून दोनदा पडली होती. एकदा बाबूच पडता पडता राहिला.

मी तक्ता काढला. मूल हवंसं होतं का? सुनंदाबाईंनी खरं तेच सांगितलं, "वाईट वाटलेला. लगीन होऊन चारच म्हयने झालेले. दिरांचा कुटुंब आमच्यातच, झोपाक जागा नाय." आईपासून दूर? होती. दहा महिन्यांची असताना शैलाला गावी आजीकडे ठेवलं होतं, सहाव्या वर्षी शाळेसाठी आणलं. भावंड? बाबू झाला आणि वर्षभरात हे सगळं सुरू झालं. माझा आनंद गगनात मावेना. तिन्ही रकाने एकदम भरले. नकोशी मुलगी, टाकून दिलेली मुलगी, वर मुलगा झाल्यावर बाजूला सारलेली मुलगी. सामाजिक जाणीवही होती ना मला. मी अहवालात लिहिलं, 'वस्तू हातातून पडत नाहीत, ती त्या पाडते.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते अधोरेखित केलं.

त्या दिवशी सुनंदाबाई जाता जाता दारात थांबून म्हणाल्या होत्या, "साहेब, ती पाडणा नाय. हात उडता तिचो." मी मान डोलावली. आईला आपल्या मुलीचा राग बघवत नाही, म्हणून ती असं म्हणते, अशी नोंद मी अहवालात केली. अहवाल इंग्रजीत होता. बाईंनी तो वाचला, सही केली. पुढच्या भेटीत मी सुनंदाबाईंना समजावलं की शैलाला लहानपणी मिळाली नाही ती आई आता पूर्ण मिळायला हवी. काही महिने बाबूला दुसरीकडे ठेवता येईल का? कारखान्यातून रजा काढता येईल का? त्यांनी कसलाही वाद घातला नाही. चौदा महिन्यांच्या पोराला नवऱ्याबरोबर गावी धाडलं, कामावर जाणं सोडलं आणि शैलाला दिवसभर कुशीत घेऊन बसू लागल्या. नवऱ्यालाही आणि जावेलाही आम्ही इस्पितळात बोलावून हेच सांगितलं, म्हणजे घरातले सगळे समजून घेतील.

अडीच महिन्यांनी शैला आणखी खालावली. बाईंनी फाइल मागितली. आत तिने काढलेली चित्रं होती. मी त्यांवर टिपणं केली होती, आईला हात काढलेले नाहीत वगैरे. बाईंनी माझी टिपणं वाचलीच नाहीत. त्या नुसत्या रेघा बघत बसल्या. म्हणाल्या, "सोनवणे, ही रेघ इथे उडालीये. इथेही. घरातही उडालीये, झाडातही उडालीये. झाडावर कसला राग असतो?" मग त्यांनी शैलाला समोर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी बाजूला उभा होतो. दर थोड्या सेकंदांनी मुलीचा हात, खांदा, मान एकदम झटका खाऊन परत जागेवर येत होती. इतकं उघड होतं ते. बाईंनी पहिल्यांदाच सुनंदाबाईंना विचारलं, "तुम्हाला काय दिसतं?" त्या म्हणाल्या, "मी सांगललंय ह्यांका. हात उडता."

त्याच दिवशी बाईंनी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मेंदूचा आलेख काढला, पाठीतलं पाणी तपासलं आणि विचारलं, लहानपणी गोवर आला होता का? सुनंदाबाईंना ठाऊक नव्हतं, त्या तेव्हा मुंबईत होत्या. गावी पत्र गेलं. आजीने शाळेच्या गुरुजींकडून कार्ड लिहून पाठवलं. दीड वर्षाची असताना पोरीला गोवर फार मोठा निघाला होता, तुम्हाला उगाच घोर नको म्हणून कळवलं नाही. खाली एक ओळ होती, बाबू आता आईसाठी रडायचा थांबला आहे. ते कार्ड बाईंनी वाचून मला दिलं आणि मी ते कुठे ठेवावं न कळून नुसता धरून राहिलो.

गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग मेंदू पोखरतो. त्यावर औषध नाही. शैला वर्षभरसुद्धा जगेल की नाही हे डॉक्टरांना सांगता येईना.

आमच्याच इस्पितळातले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, आता त्या बाईला मानसिक काय नि शारीरिक काय, तिला कुठे कळतंय, कशाला उकरून काढता? बाईंचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. "तिला कळलं होतं, डॉक्टर. आपल्याला कळलं नव्हतं." बाहेर आल्यावर मीही माझी पळवाट काढली. म्हटलं, "बाई, तिला वाटतंय की जवळ घेतलं की पोर बरी होईल. तेवढी आशा राहू दे की." बाई चालता चालता थांबल्या. "ही आशा नाही, सोनवणे. हा ठपका आहे. उद्या मुलगी गेली की ह्यांना जन्मभर वाटत राहील की आपण पुरेसं जवळ घेतलं नाही. लिहिलंत तुम्ही, सही केली मी. दोघांनीही जायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भांडुपला गेलो. बाईंना गुडघ्याचा त्रास होता, तरी त्या टेकडीच्या पायऱ्या चढल्या. खोलीत सुनंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि शैला त्यांच्या मांडीवर. बाई खाली फरशीवर बसल्या. पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, "सुनंदाबाई, मी तुमची माफी मागायला आलेय. हा मेंदूचा आजार आहे. लहानपणच्या गोवरामुळे झालाय. तुम्ही तिला गावी ठेवलंत म्हणून नाही, बाबू झाला म्हणून नाही, तुमच्या मनात काही होतं म्हणून नाही. आम्ही तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं."

सुनंदाबाई बराच वेळ शैलाच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे मी जवळ घेतलंय तरी ती बरी होवची नाय?"

"नाही."

"औषधान पण नाय?"

"नाही."

"मगे तुमी पयला सांगलात ताच बरा होता," त्या म्हणाल्या. "तेच्यात ती बरी होवची होती."

मी मान खाली घातली. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो. आणि असं वाटल्याची मला अजून लाज वाटते. बाईंनी त्यांच्यावरची नजर हटवली नाही. म्हणाल्या, "हो. ते ऐकायला बरं होतं. पण त्यात सगळा दोष तुमचा होता, आणि तो तुमचा नाही. बाबूला परत आणा. त्याला तुमच्यापासून लांब ठेवायचं काहीही कारण नव्हतं." तेव्हा कुठे सुनंदाबाई रडल्या. म्हणाल्या, "ही रोज इचारता, बाबू खंय, बाबू खंय. मी म्हटलंय, तुमी सांगलात म्हणान दूर ठेवलंय." जिच्याबद्दल मी भावाचा मत्सर लिहिला होता, ती मुलगी इतके महिने भावाला शोधत होती. शब्द सुटत चालले होते तिचे, तरी तेवढा एक प्रश्न राहिला होता.

बाबू आला. पहिले दोन दिवस तो आईकडे गेला नाही. शैलाच्या अंथरुणात मात्र जाऊन बसायचा. आठ महिन्यांनी शैला गेली. शेवटी तिला काही दिसत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. बाराव्याला मी आणि बाई गेलो होतो. बायका बसल्या होत्या. जाऊ हळू आवाजात शेजारणीला सांगत होती की पोरीला तान्हेपणी गावाला टाकली, तिथेच मनाने खचली, इस्पितळातल्या साहेबांनीच सांगितलेलं. माझेच शब्द होते ते. मी ते त्या घरात नेऊन ठेवले होते आणि आता ते आपले आपण चालत होते. सुनंदाबाईंनी ऐकलं. त्यांनी आवाज चढवला नाही. जावेकडे बघून म्हणाल्या, "नाय. मोठे बाई स्वतः येवन सांगान गेले. गोवर होतो." आणि पुन्हा ताटं वाढायला लागल्या. बाई तिथे गेल्या नसत्या तर हे उत्तर द्यायला त्या घरात कुणीच नव्हतं.

यानंतर केंद्रात बाईंनी काय केलं ते या ग्रंथात इतरांनी 'सुधारणा' म्हणून लिहिलं असेल. तो तक्ता बंद केला. एके दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना विचारलं, लहानपणी गावाला आजीकडे कोण कोण वाढलं? आमचे कारकून, सिस्टर, प्रयोगशाळेतले दोघे, अर्ध्याअधिक लोकांनी हात वर केले. "आणि यांतलं बिघडलेलं कोण?" कारकून म्हणाले, "मी बिघडलोय बाई, पण तो इथे नोकरीला लागल्यावर." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरात जागा नाही म्हणून ही माणसं पोरं आजीकडे ठेवतात, आणि आपण त्याला टाकणं म्हणतो. इतकी वर्षं यांच्यातच बसून आपल्याला हे विचारावंसं वाटलं नाही." मग नियम झाला की अहवाल मराठीत लिहायचा आणि फाइलला लावण्याआधी आईला वाचून दाखवायचा. तिच्या तोंडावर जे वाचता येणार नाही ते लिहायचंच नाही. आमचे अहवाल एकदम आखूड झाले.

काही लोक म्हणतात, बाईंनी सिद्धान्तच सोडून दिला. तसं नाही. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "बालपणाचा माणसावर परिणाम होतोच हो. पण कुणाच्या बालपणाने काय झालं, हे मला खुर्चीत बसून कळतं, असं मी आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

आणि मग त्यांनी जुन्या फाइली काढल्या. वीस वर्षांच्या. ज्यांत निदानाच्या जागी आईचा दोष लिहिला होता आणि दुसरी कसलीच तपासणी झाली नव्हती, अशा बाजूला ठेवल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या पत्त्यांवर जायला सुरुवात केली. खारदांड्याला, बोरिवलीला, मुलुंडच्या कॉलनीत. बऱ्याचदा मी बरोबर असतो. घरं बदललेली असतात. कुणी ओळखत नाही, कुणी चहा पाजतं, एका घरात आमच्या तोंडावर दार लावलं गेलं आणि बाई म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे. बाई प्रत्येक ठिकाणी तेच सांगतात. तुमच्यामुळे झालं असं आम्ही लिहिलं होतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं, तरी लिहिलं. मी ते परत घेते.

गेल्या महिन्यात आम्ही घाटकोपरला एका घरी गेलो. दार म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. बाईंनी नाव सांगताच त्यांनी ओळखलं. मुलगा पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे यायचा, आता तिशीला आलाय, आतल्या खोलीत असतो, बोलत नाही. बाईंनी त्याच्या आईला भेटायचंय म्हटलं. ते म्हणाले, "ती मागच्या दिवाळीच्या आधी गेली. शेवटपर्यंत म्हणायची, माझंच काहीतरी चुकलं. काय काम होतं तुमचं?" बाई म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे सांगायला आले होते." गृहस्थ म्हणाले, "उशीर केलात." रागाने नाही म्हणाले. खरं होतं तेच म्हणाले. खाली उतरताना बाईंनी माझा दंड धरला होता. रस्त्यावर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पुढचा पत्ता कुठला?"

बाई आज साठ वर्षांच्या होत आहेत. सगळे त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य मागतील, आणि ते त्यांना लाभावं. गुडघे शाबूत राहावेत, पायऱ्या चढता याव्यात, डोळे नीट राहावेत, म्हणजे जुने पत्ते वाचता येतील. या मागण्यात मी सगळ्यांबरोबर आहे. पण माझं मागणं तेवढ्यावर भागत नाही. ज्या घरांत बाई अजून पोचायच्या आहेत, त्या घरांतल्या आयांनाही तेवढंच आयुष्य लाभू दे.